अठ्ठ्याऐंशी रुपयांचं निवेदन

निवेदनाचं पहिलं वाक्य असं होतं: ‘भारत व बांगलादेश हे दोन्ही देश संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आर्थिक व सामाजिक आयोगाचे, तसेच सार्क व बिमस्टेकचे सदस्य असून सदस्य देशाच्या शेतमालावर असे अवाजवी शुल्क लादणे हे सदस्यत्वाच्या अटींचे उल्लंघन आहे.’ खाली काटोल-नरखेड भागातल्या संत्रा बागायतदारांच्या सह्या. नोव्हेंबर २०२३. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात उतरणाऱ्या संत्र्यांची, तोडणी ऐन भरात.

मी नागपुरात निर्यातीची कागदपत्रं करून देतो. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठला ते), फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं), शिपिंग बिल (निर्यातदाराच्या नावाचा कस्टम्सचा कागद), हे सगळं. निवेदनं लिहिणं माझं काम नाही, पण निवेदन घेऊन आलेले काका जुने ओळखीचे. त्यांचा पुतण्या सोबत होता, एमपीएससीची तयारी करणारा. मसुदा त्याचाच. भाषा नेटकी, शुद्धलेखन चोख, आणि पहिलंच वाक्य चुकीचं.

‘साहेब, एकाच पंगतीत बसलो नं आपण?’ काका म्हणाले. ‘मंग ह्यायनं आमच्या ताटातलं काहून ओढावं?’

प्रश्न रास्त होता. नागपुरी संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २०१९ च्या सुमारास तिथे किलोमागे वीसेक रुपये शुल्क पडायचं. ते दरवर्षी चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. वीसचे अठ्ठ्याऐंशी! बागेतल्या फळाला जो भाव मिळतो त्याच्या कितीतरी पट रक्कम फक्त सीमेवर भरायची. साहजिकच ढाक्याच्या व्यापाऱ्यांनी मागणी कमी केली, तिकडे जाणारा माल देशातल्याच बाजारात उतरला, आणि नागपूरच्या कळमना बाजारात भाव बसला.

मी पुतण्याला म्हटलं, ‘उल्लंघन झालं म्हणतोस, तर कलम सांग.’ त्याने वही काढली. वहीत एस्कॅपचं, म्हणजे निवेदनातल्या त्या आशिया-पॅसिफिक आयोगाचं, पान होतं: स्थापना १९४७, मुख्यालय बँकॉक, सदस्य ५३, सहयोगी सदस्य ९. दक्षिण आशियाई देशांच्या सार्कचं पान, बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या बिमस्टेकचं पान. सगळं बरोबर. फक्त कोणत्याही पानावर सदस्य झाल्यावर नेमकं काय करावं लागतं, हे लिहिलेलं नव्हतं. परीक्षेत ते विचारतही नाहीत म्हणा. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे मुख्यालय आणि सदस्यसंख्या, एवढंच चार पिढ्या पाठ करत आल्यात.

त्या वाक्यापासून सुरुवात करायची, तर आधी एस्कॅपचं सदस्यत्व ही काय चीज आहे ते पाहावं लागलं.

खुर्ची कशाची

हा आयोग मार्च १९४७ मध्ये स्थापन झाला तेव्हा त्याचं नाव एकाफे होतं, आशिया आणि अतिपूर्वेसाठीचा आर्थिक आयोग. सुरुवातीचं मुख्यालय शांघायला. १९४९ पासून बँकॉक. मूळचे सदस्य दहा, आणि त्यात आशियाई म्हणावेत असे चारच: चीन, भारत, फिलिपिन्स आणि सयाम (आजचं थायलंड). बाकीचे ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स, अमेरिका, सोव्हिएत संघ, ऑस्ट्रेलिया. म्हणजे आशियाच्या उभारणीच्या आयोगात आशियाई अल्पसंख्य. भारताला स्वातंत्र्य मिळायला तेव्हा अजून साडेचार महिने बाकी होते, तरी भारत संस्थापक सदस्य. पहिले कार्यकारी सचिव पी. एस. लोकनाथन, आपलेच. १९७४ मध्ये नाव बदलून एस्कॅप झालं, आणि त्यात ‘सामाजिक’ हा शब्द आला.

सदस्यत्वावरून या आयोगात सुरुवातीलाच जी भांडणं झाली ती पुतण्याला फार आवडली. वसाहतींना सहयोगी सदस्य करून घ्यायची सोय होती. बैठकीत बसा, बोला, पण मतदान नाही. इंडोनेशियाचं प्रजासत्ताक डच लोक मानायला तयार नव्हते, आणि त्याला सहयोगी सदस्य करायचं की नाही हा वाद १९४८ च्या उटीच्या अधिवेशनातही सुटला नाही. तो त्याच वर्षअखेरीस ऑस्ट्रेलियात लॅपस्टोनला सुटला, इंडोनेशियाच्या बाजूने. जपान १९५४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, संयुक्त राष्ट्रांत यायच्या दोन वर्षं आधी. आणि बांगलादेश! १९७२ मध्ये चीनने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून त्याला संयुक्त राष्ट्रांबाहेर ठेवलं, प्रवेश मिळाला सप्टेंबर १९७४ मध्ये. पण या प्रादेशिक आयोगात तो १९७३ मध्येच आला होता.

‘म्हणजे सदस्यत्वाला किंमत आहे सर,’ पुतण्या म्हणाला.

आहे. नव्या देशासाठी ती ओळखीची किंमत असते: आम्ही आहोत, आमच्या नावाची पाटी टेबलावर आहे, आमचा माणूस बोलतो ते इतिवृत्तात येतं. हाँगकाँग, मकाव, कुक बेटं, निउए हे आजही सहयोगी सदस्य आहेत, त्यामागेही हेच आहे. पण आयोग जे ठराव करतो ते शिफारशी असतात, आणि ते बहुतेक सर्वसहमतीने होतात. कुठल्या देशाने संत्र्यावर किती शुल्क घ्यावं हे सांगायचा अधिकार त्याला कुणीच दिलेला नाही. पहिल्या वाक्यातलं ‘सदस्यत्वाच्या अटींचे उल्लंघन’ तिथेच कोसळलं. अशी अट नाहीच.

काकांचा चेहरा उतरला. मग मी त्यांना रस्त्याची गोष्ट सांगितली, कारण तीही त्याच आयोगाची आहे आणि काकांच्या दारावरून जाते.

एशियन हायवे ही कल्पना या आयोगाने १९५९ मध्ये हाती घेतली. करार व्हायला २००४ साल उजाडलं, लागू झाला २००५ मध्ये. त्या करारातला एएच ४३ आग्र्याहून ग्वाल्हेर, नागपूर, हैदराबाद, बंगळुरू करत थेट श्रीलंकेत उतरतो. एएच ४६ हजीऱ्याहून धुळे, नागपूर, रायपूर करत पूर्वेला जातो. म्हणजे झिरो माइलच्या या गावात दोन आशियाई महामार्ग एकमेकांना छेदतात, आणि नागपूरकर मात्र त्यांना अजून अमरावती रोड, भंडारा रोड, वर्धा रोडच म्हणतात. काटोलचा संत्रा क्रेटमध्ये भरून निघाला की एएच ४६ ने पूर्वेला, कोलकात्यापुढे एएच १ ने सीमेवरचं पेट्रापोल, आणि पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. सगळा रस्ता एस्कॅपच्या नकाशावर काढलेला.

आता यातली मेख बघा. बांगलादेश या आयोगाचा सदस्य १९७३ पासून. पण मार्ग कुठून जावा यावर मतभेद असल्यामुळे तो महामार्गाच्या करारात आला २००९ मध्ये. छत्तीस वर्षं सदस्य, तरी करारात नाही, आणि कुणी त्याला जाब विचारू शकलं नाही. सदस्यत्व एका कागदावर असतं, करार दुसऱ्या कागदावर. दुसऱ्यावर वेगळी सही लागते. शिवाय सही झाली म्हणून ट्रक सरळ ढाक्याला जातो असंही नाही. आपला ट्रक बेनापोलच्या यार्डात रिकामा होतो आणि क्रेट त्यांच्या ट्रकवर चढतात. करार रस्त्याचा आहे, रहदारीच्या परवान्याचा नाही.

‘म्हंजे रस्ता आपला दोघायचा अन् फाटक त्यायचं,’ काका म्हणाले. मला हे वाक्य निवेदनात घालायचा फार मोह झाला.

शंभर रुपयांचा कागद

आता करारांकडे वळलो, कारण व्यापाराचे करार खरोखरच होते, आणि दोन्ही देशांच्या सह्यांचे होते. त्यातला पहिला तर एस्कॅपच्याच पोटातला. १९७५ चा बँकॉक करार, जो २००५ मध्ये नाव बदलून आप्टा, म्हणजे आशिया-पॅसिफिक व्यापार करार, झाला. भारत आणि बांगलादेश दोघेही त्यात पहिल्यापासून. दक्षिण कोरिया, श्रीलंका, लाओसही. चीन २००१ मध्ये आला, मंगोलिया २०२० मध्ये. दुसरा साफ्टा, सार्कमधला मुक्त व्यापाराचा करार, १ जानेवारी २००६ पासून लागू. बिमस्टेकचं सचिवालय खुद्द ढाक्यात आहे, पण त्याच्या मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ पासून आराखडाच आहे, त्यामुळे ते पान मिटलं.

साफ्टाखाली भारताने बांगलादेशला, तो अल्पविकसित देश म्हणून, २०११ मध्ये जवळजवळ सगळी बाजारपेठ शुल्कमुक्त करून दिली. वगळल्या त्या फक्त दारू-तंबाखूच्या २५ नोंदी. उलट बाजूला बांगलादेशने सवलतीतून वगळलेल्या वस्तूंची यादी लांबलचक ठेवली. पुतण्या चिडला. मी म्हटलं, चिडू नको, अल्पविकसित देशाला ही मुभा करारानेच दिली आहे, आणि भारताने ती डोळे उघडे ठेवून दिली आहे. आणि तुझा संत्रा त्या यादीत आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेव. समज, नाहीये. समज, बांगलादेशने उद्या संत्र्यावरचं मूळ सीमाशुल्क शून्य केलं. मग काय होतं ते बघू.

एक पाठकोरा कागद घेतला आणि वर लिहिलं: मालाचं मूल्य १०० रुपये.

बांगलादेशात ताज्या फळांवर तेव्हा जे आकार लागत होते ते असे चढतात. मूळ सीमाशुल्क २५ टक्के, म्हणजे २५ रुपये. नियामक शुल्क २० टक्के, २० रुपये. झाले १४५. या १४५ वर पूरक शुल्क २० टक्के, म्हणजे २९. झाले १७४. या १७४ वर १५ टक्के व्हॅट, २६ रुपये १० पैसे; त्याच १७४ वर ५ टक्के आगाऊ कर, ८ रुपये ७० पैसे. आणि मूळ शंभरावर ५ टक्के आगाऊ आयकर, ५ रुपये. बेरीज ११३ रुपये ८० पैसे. शंभराच्या मालावर ११३.८० चा कर.

काकांनी बेरीज बोटांवर पुन्हा केली. बागायतदार आहेत, हिशेब दुसऱ्यावर सोडत नाहीत.

मग मी पहिली ओळ खोडली. मूळ सीमाशुल्क शून्य. आता नियामक शुल्काचे २०, १२० वर पूरक शुल्क २४, १४४ वर व्हॅट २१.६० आणि आगाऊ कर ७.२०, आयकराचे ५. बेरीज ७७.८०.

म्हणजे साफ्टाखाली मिळू शकणारी सगळ्यात मोठी सवलत पदरात पडली तरी शंभराला पावणेअठ्ठ्याहत्तर उरतातच. कारण साफ्टा करारात ‘शुल्क’ म्हणजे राष्ट्रीय अनुसूचीत छापलेलं सीमाशुल्क, आणि शुल्कासारखा परिणाम करणारे बाकीचे आकार म्हणजे ‘पॅरा-टॅरिफ’, अशी वेगळी व्याख्या आहे. कपातीचा कार्यक्रम पहिल्याला लागू, दुसऱ्याला नाही. आप्टातली सवलतही मूळ शुल्काच्या टक्क्यांतच मोजतात. पुढचं दार उघडं, आतलं दार बंद. आम्ही कागदपत्रं करणारे लोक साफ्टाचं प्रमाणपत्र इमानेइतबारे जोडतो, शिक्का मारतो, फी भरतो. संत्र्याच्या बाबतीत त्याचा फायदा किती हे या कागदाने मलाही पहिल्यांदाच इतकं उघडं दाखवलं.

जागतिक व्यापार संघटनेचं काय, असं पुतण्याने विचारलंच. तिथे प्रत्येक देश वरची मर्यादा बांधून देतो. बांगलादेशने बहुतांश शेतमालावर ती २०० टक्के बांधली आहे. ११३.८० त्याच्या बरंच खाली. भारतानेही शेतमालावर अशाच उंच मर्यादा राखून ठेवल्यात, तेव्हा फार आवाज करायची सोय नाही.

वाढ आली कुठून

बाजारात याचं एकच उत्तर ऐकू येतं: कांदा. आपण सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, २०२० मध्ये पुन्हा केली. २०१९ च्या ऑक्टोबरात शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा, स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय, असं भर कार्यक्रमात हसत हसत बोलल्या होत्या. मग त्यांनी संत्र्यावर सूड उगवला, असं नागपूरपासून वरुड-मोर्शीपर्यंत कुणीही सांगेल. पुतण्याच्या मसुद्यात हा मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात होता.

मला ते पटत नाही, निदान पूर्ण पटत नाही. मे २०२२ मध्ये बांगलादेशने एका आदेशात शंभराहून जास्त वस्तूंवर नियामक शुल्क वाढवलं. फळं, फुलं, फर्निचर, सौंदर्यप्रसाधनं. डॉलरची चणचण होती, चैनीची आयात दाबायची होती. फळांवरचं हे शुल्क ३ टक्क्यांवरून २० वर गेलं. सफरचंद असो, द्राक्षं असोत, चीनचा माल असो की आपला, सगळ्यांना सारखं. सूड असा सगळ्यांवर सारखा उगवत नाहीत. ढाक्याच्या दृष्टीने संत्रं म्हणजे लिपस्टिकच्या रांगेतली वस्तू, हे काकांना सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण त्याच पाठकोऱ्या कागदावर ३ टक्के घालून बेरीज केली तर ८९.३२ येते. ८९.३२ चे ११३.८० झाले म्हणजे वाढ सव्वापटीच्या आसपास. वीसचे अठ्ठ्याऐंशी म्हणजे चौपटीच्या वर. मग उरलेली वाढ कुठे आहे? टक्क्यांत नसेल तर ती शंभरात आहे. म्हणजे ज्या मूल्यावर टक्के लागतात त्या मूल्यात. बिलात तुम्ही काय लिहिता आणि तिकडची कस्टम्स मूल्य काय धरते, यात फरक पडत असला, तर मात्र हातात धरायला काहीतरी मिळतं. कारण मूल्य कसं ठरवावं यावर जागतिक व्यापार संघटनेचा स्वतंत्र करार आहे, त्यावर दोन्ही देशांच्या सह्या आहेत, आणि मनाला येईल तो किमान भाव धरून कर लावायला तो करार मनाई करतो. एवढ्या सगळ्या संघटनांच्या पानांत आम्हाला दिसलेली ही एकच फट.

तिच्यासाठी लागतो एक कागद: ढाक्याच्या आयातदाराचं बिल ऑफ एंट्री, ज्यात धरलेलं मूल्य छापलेलं असतं. आणि बागायतदारांपैकी कुणाकडेही तो नव्हता. असणार कसा? बाग उक्ती दिली, म्हणजे झाडावरची सगळी फळं एकरकमी विकली, की बागायतदाराचा संबंध संपतो. व्यापारी तोडतो, भरतो, पाठवतो. सीमेवर दुसराच एजंट, पलीकडे तिसराच आयातदार. अठ्ठ्याऐंशी रुपये हा आकडाही काकांना बाजारातून आणि वर्तमानपत्रातून कळलेला. ज्याचं नुकसान होतं त्याच्याकडे पुरावा नाही, ज्याच्याकडे पुरावा आहे त्याला तो दाखवायची गरज नाही.

नवा मसुदा

निवेदन आम्ही पुन्हा लिहिलं. मधे एकदा चहा, एकदा तर्रीपोहे. पहिलं वाक्य गेलं. एस्कॅप गेलं, बिमस्टेक गेलं. सार्क ठेवायचं का यावर वाद झाला. काकांचं म्हणणं, सार्कच्या बैठकीत विषय मांडा. पण सार्कची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडूनंतर झालेलीच नाही, आणि ज्या सनदेवर १९८५ मध्ये ढाक्यातच सह्या झाल्या तिच्यात द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेत आणायचे नाहीत असं स्वच्छ लिहिलेलं आहे. दोन शेजाऱ्यांचं भांडण तिथे काढताच येत नाही. सार्कही गेलं.

उरलं ते दिल्लीच्या वाणिज्य मंत्रालयाला उद्देशून. सप्टेंबर २०२२ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी द्विपक्षीय सर्वंकष आर्थिक करारावर बोलणी सुरू करायचं ठरवलं होतं. त्या बोलण्यांत फक्त सीमाशुल्क नव्हे, नियामक आणि पूरक शुल्कही घ्या, एवढी एक मागणी. सोबत शंभर रुपयांचा हिशेब, दोन्ही बाजूंनी केलेला. दुसरी मागणी, मूल्यांकनाची माहिती ढाक्यातल्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत मागवा. कांद्याचा परिच्छेद काका सोडेनात. शेवटी तो ‘शेतमालाच्या निर्यातबंदीचे परिणाम अन्य पिकांच्या बाजारपेठेवर होतात, याचा विचार व्हावा’ असा मवाळ करून ठेवला. निवेदन गेलं, आणि ८ डिसेंबरला सरकारने कांद्याची निर्यात पुन्हा बंद केली. काकांचा फोन आला, ‘वाचलं का साहेब पेपरात?’ एवढंच.

त्याच महिन्यात राज्य सरकारने संत्र्याच्या शुल्कातला निम्मा भार, म्हणजे किलोमागे ४४ रुपये, आपण उचलू असं जाहीर केलं. आमच्या कागदाचा त्यात वाटा असेल असं मी समजत नाही. ती मागणी सगळ्या विदर्भातून होत होती. तोवर आंबियाची बरीचशी फळं झाडावरून उतरली होती. काकांची बागही उक्ती गेली होती. ‘हे चव्वेचाळीस कोणाच्या खात्यात येणार?’ त्यांनी विचारलं. ज्याच्या नावाने शिपिंग बिल आहे त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

पुतण्याने वहीत प्रत्येक संघटनेच्या पानावर आता एक नवीन रकाना आखलाय: कोणकोणत्या करारावर सही, कधी. एस्कॅपचं पान सगळ्यात भरगच्च झालं, सार्कचं त्याच्या खालोखाल. बिमस्टेकचा रकाना बराच मोकळा आहे. या खटाटोपाने परीक्षेत एकही मार्क वाढणार नाही, हे तो स्वतःच हसून सांगतो.

बिल ऑफ एंट्रीसाठी त्याने एका व्यापाऱ्याकडून ढाक्याच्या आयातदाराचा नंबर मिळवला आणि व्हॉट्सॲपवर विनंती पाठवली. मग आठवण दिली. मग पुन्हा एकदा. तिन्ही मेसेजना निळ्या टिक आहेत.